सल्ला सदर : वीज गेली, बाहेर बर्फ आणि घरात सासू-सासरे

वाचकाचं पत्र (थोडक्यात) : “आम्ही प्लॅनोला, टेक्सासमध्ये राहतो. सासूबाई (७३) आणि अण्णा (७८) नोव्हेंबर ते मार्च आमच्याकडे असतात. अण्णांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत वीज गेली तेव्हा आम्ही दोघं आणि मुलगीच होतो, कसंबसं निभावलं. हे दोघं असताना तसं झालं तर काय, या विचाराने थंडी सुरू झाली की झोप लागत नाही. सासूबाई म्हणतात, देवापुढे अखंड नंदादीप ठेवू, नामस्मरण करू, तो तारून नेईल. अण्णा म्हणतात, अंगणातली कोळशाची शेगडी आत घेऊ, गावी आम्ही हेच करायचो. आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात शेकड्यांनी घरं आहेत, पण त्या आठवड्यात नुसते मेसेज पडत राहिले, कुणी कुणाकडे पोचलं नाही. सासूबाईंचं मन न दुखवता मी काय करू?”

प्रिय ताई,

अण्णांच्या शेगडीपासून सुरुवात करते, कारण तिथे चूक झाली तर बाकीच्या सल्ल्याचा काही उपयोग उरत नाही. कोळशाची शेगडी घरात आणायची नाही. खिडकी उघडी ठेवूनही नाही, गॅरेजचं दार वर करूनही नाही. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो झोपेतच माणसाला नेतो. गावच्या कौलारू घरात वाऱ्याला शंभर वाटा होत्या. तुमचं घर एसीची हवा बाहेर जाऊ नये म्हणून बंदिस्त बांधलेलं आहे. हा फरक अण्णांना शांतपणे समजावून सांगा, त्यांना तो पटेल. हाच नियम बार्बेक्यू, कॅम्पिंगचा स्टोव्ह आणि गॅरेजमध्ये चालू ठेवलेल्या गाडीला लागू आहे. जनरेटर घरापासून निदान २० फूट लांब, धूर खिडकी-दारांकडे येणार नाही अशा दिशेने ठेवायचा. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकाच वेळी दुखायला लागलं, मळमळलं, गरगरलं तर आधी सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि मग ९११ ला फोन करायचा.

सासूबाईंचं धुपाटणंही यातच येतं. पेटत्या कोळशावर किंवा गोवरीवर धूप घालणं, घरात छोटा होम करणं, हे एरवी चालून जातं. बंद केलेल्या एका खोलीत पाच माणसं असताना ते अजिबात नको.

गॅसच्या चुलीचा मुद्दा वेगळा आहे. वीज नसताना तिची ठिणगी पडत नाही, पण बऱ्याच चुलींचे वरचे बर्नर काडीने पेटतात. तुमची पेटते का ते आजच बघा. चूल स्वयंपाकापुरतीच वापरायची, वरचा पंखा बंद असेल म्हणून खिडकी बोटभर उघडी ठेवायची. खोली तापवायला चूल किंवा ओव्हन चालू ठेवायचा नाही. गॅसवर चालणाऱ्या हीटरवर भरवसा ठेवू नका. त्याचा ब्लोअर आणि सर्किट बोर्ड विजेवर चालतात, त्यामुळे गॅस असूनही तो बंद पडतो. टाकी नसलेल्या वॉटर हीटरचंही तसंच. शिवाय तो बाहेरच्या भिंतीवर असेल तर त्याला गोठण्यापासून वाचवणारी सोयही विजेवरच चालते. त्यातलं पाणी काढून टाकायचं कसं हे प्लंबरकडून एकदा बघून घ्या. लाकडाची फायरप्लेस असेल तर धुराड्याची झडप उघडी आहे ना ते बघून मगच पेटवा. राख लोखंडी बादलीत भरून घराबाहेर ठेवा, कारण ती दोन-तीन दिवस आतून धगधगत असते.

आता खोली. अख्खं घर उबदार ठेवायचा विचार सोडून द्या. उंच छताची, जिना थेट वर जाणारी बैठकीची खोली तर मुळीच निवडू नका, सगळी ऊब वर निघून जाते. लहान, कमी खिडक्यांची, शक्यतो दक्षिणेकडची झोपायची खोली घ्या. खिडक्यांवर ब्लँकेट टांगा, दिवसा ऊन असेल तेव्हा दक्षिणेची खिडकी मोकळी करा, दाराखालच्या फटीत टॉवेल सारा. शांत बसलेलं माणूस साधारण १०० वॉट उष्णता देतं. पाच जण एका खोलीत म्हणजे एक छोटा हीटरच झाला. गाद्या जमिनीवर टाकाल तर खाली सतरंजी, पुठ्ठा, योगासनाच्या चटया घाला, कारण गारठा पांघरुणापेक्षा अंथरुणातून जास्त शिरतो. कानटोपी आणि लोकरी मोजे घालूनच झोपायचं. घामाने ओला झालेला सुती बनियन लगेच बदलायचा. गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळूनच द्यायची. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, भाजलेलं अण्णांना कदाचित कळणार नाही.

खोलीत साधा थर्मामीटर लटकवा. जागतिक आरोग्य संघटना घरातलं तापमान निदान १८ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ६४ फॅरनहाइट असावं असं सांगते. खोली त्याखाली उतरायला लागली की म्हाताऱ्या माणसांना कुठे हलवायचं ते ठरवायचं. ६० च्या खाली गेली की चर्चा थांबवायची आणि अंधार पडायच्या आत हलवायचं. फेब्रुवारीच्या मध्यावर प्लॅनोत सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी सातनंतर उगवतो. ते तेरा तास घसरड्या रस्त्यावरून कुणाला नेण्याचे नसतात.

आता सासूबाई. ताई, तुमच्या पत्रात थोडी चीड जाणवते. त्यांच्या श्रद्धेमुळे तयारी मागे पडेल अशी भीती तुम्हाला वाटते. ती भीती समजते, पण अशा आठवड्यात ही श्रद्धा तुमच्या घरातली सगळ्यात कामाची गोष्ट ठरू शकते. तिला फक्त नेमकं काम नेमून द्यायचं. २०२१ साली टेक्सासच्या ग्रिडने (राज्याला वीज पुरवणाऱ्या जाळ्याने) मोठी वीजकपात सुरू केली ती १५ फेब्रुवारीच्या पहाटे, आणि तो दिवस माघी गणेश जयंतीचा होता. दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी, आणि त्याच दिवशी डॅलस-फोर्टवर्थला पारा उणे २ फॅरनहाइटला, म्हणजे उणे १९ सेल्सिअसच्या आसपास गेला. म्हणजे सणावारी हे घडू शकतं. त्यामुळे पूजा कशी करायची हे घरात आधीच ठरलेलं असावं.

देवघरातले टाक आणि मूर्ती त्या उबदार खोलीत आणा. ही सूचना तुम्ही करू नका, सासूबाईंनाच विचारा की देवांना थंडीत एकटं ठेवायचं का. देव आले की सगळे त्या खोलीत थांबतात. दर थोड्या वेळाने दार उघडून बाहेर जाणं, म्हणजेच ऊब घालवणं, आपोआप कमी होतं. अखंड नंदादीपाऐवजी तिन्हीसांजेपासून आरती होईपर्यंतच्या दिव्याचा संकल्प सोडायला सुचवा. संकल्पच तेवढ्या वेळाचा असला की दिवा शांत करताना खंड पडल्याची रुखरुख राहत नाही. खिडक्यांवर ब्लँकेटं टांगलेल्या खोलीत, सगळे झोपलेले असताना ज्योत ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण. दिवा लावाल तेव्हा समई पाणी घातलेल्या परातीत, टांगलेल्या कापडापासून हातभर नव्हे, चांगली तीन फूट दूर ठेवा, आणि जवळ जागं माणूस हवं. रात्रभर देवापाशी बॅटरीचा दिवा तेवू द्या.

स्नानाचा प्रश्न निघेलच. थंड पाण्याने अंघोळ करायची नाही, ओल्या केसांनी बसायचं नाही. कोमट फडक्याने अंग पुसणं आणि मंत्रस्नान यांना आपल्या परंपरेत पूर्ण मान्यता आहे, मानसपूजेलाही आहे. सोवळ्याला धाबळी चालते आणि धाबळी लोकरीचीच असते, हे सासूबाईंना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असेल. उपासाबद्दल मात्र ठाम राहा. कुडकुडण्यात शरीर भराभर साखर जाळतं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने अशा दिवशी उपास केला तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. संकष्टी असो की एकादशी, अण्णांनी जेवायचं. अशा दिवसांत डोस कसा ठेवायचा हे त्यांच्या डॉक्टरांना थंडीआधी विचारून लिहून ठेवा.

दिवसाचे चार ठोके बांधा : सकाळ, दुपार, तिन्हीसांजा आणि झोपण्याआधी. प्रत्येक ठोक्याला सगळ्यांनी उभं राहायचं, टाळ्या वाजवत आरत्या म्हणायच्या, नंतर काहीतरी गरम आणि गोड प्यायचं. अंग हललं की ऊब येते, आणि मुलीला दिवस कुठे चाललाय ते कळतं. अंधारात काळाचा अंदाज सुटला की भीती वाढते, मुलांची तर फारच. त्याच चार वेळांना खोलीचं तापमान बघायचं, फोन चालू करून शेजारच्या घरांना एक मेसेज पाठवायचा (‘पाचही ठीक, खोली ६३’) आणि फोन पुन्हा बंद करायचा. बॅटरी अशीच चार दिवस पुरते.

तोंडपाठ म्हणण्याचा आणखी एक मोठा उपयोग आहे, तो घरातल्या प्रत्येकाला सांगा. गारठा मेंदूपर्यंत पोचला की जीभ जड होते. अण्णा रोज बिनचूक म्हणतात ते स्तोत्र अडखळायला लागले, शब्द गिळले, ओळी मागेपुढे झाल्या, तर ‘थकले असतील’ म्हणून सोडू नका. गार पडलेलं माणूस कुडकुडायचं थांबलं असेल तर ते जास्त गंभीर. अंगाचं तापमान बघा. ९५ फॅरनहाइटखाली असेल तर ९११. मदत येईपर्यंत आडवं झोपवा, ओले कपडे काढा, आधी छाती आणि मान उबेत घ्या. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. पूर्ण शुद्धीत असतील तरच गरम, गोड पेय घोटघोट द्या. साखर कमी झाली तरी लक्षणं अशीच दिसतात, म्हणून ग्लुकोमीटर लावा. तो गारठला की चुकीचा आकडा किंवा एरर देतो, त्यामुळे यंत्र आणि पट्ट्या कुणाच्या तरी आतल्या खिशात ठेवायच्या. इन्सुलिनची कुपी बंद फ्रिजमध्ये किंवा खोलीत चालेल. गाडीत, खिडकीच्या काचेपाशी, बर्फाला टेकून नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी टाकून द्यायचं.

खाण्याबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या दोघींच्या हातात ते आहे. फ्रिजचं दार न उघडता चार तास, भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास, अर्धा भरलेला २४ तास एवढं लक्षात ठेवा. दडपे पोहे, मेतकूट, सातूचं पीठ, तिळाचे आणि शेंगदाण्याचे लाडू, दशम्या आणि चटणी हे सगळं चुलीशिवाय भागतं. घरात विजेवरचाच कुकर असेल तर गॅसवरचा एक शिटीचा कुकरही ठेवा. वादळाचा इशारा आला की थर्मास भरून ठेवायचे. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज एक गॅलन पाणी, म्हणजे पावणेचार लिटर. शौचाला टब भरून ठेवायचा. पाणी उकळून प्यायची सूचना आली तर एक मिनिट खळखळ उकळायचं.

नळ थेंब थेंब सोडा, बाहेरच्या भिंतीकडच्या सिंकखालची कपाटं उघडी ठेवा. पाणी बंद करण्याचा मुख्य कॉक कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणती, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलं पाहिजे. टेक्सासमध्ये बऱ्याच घरांचे पाइप माळ्यावरून जातात. गोठताना पडलेली चीर तेव्हा दिसत नाही, बर्फ वितळल्यावर छत कोसळतं.

आता मंडळ, आणि हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. शेकडो घरांचा गट संकटात निरुपयोगी ठरतो याचं कारण माणसं वाईट असतात हे नाही. कुणाच्याच वाट्याला नेमकं कुठलं घर आलेलं नसतं, म्हणून सगळे थांबून राहतात. शिवाय त्या रस्त्यांवर गाडी चालत नाही. तेव्हा गणपतीची वर्गणी ज्या यादीवरून गोळा होते तीच यादी घ्या, नकाशावर मांडा आणि चालत दहा मिनिटांच्या आतली सहा ते आठ घरं मिळून एक वाडी करा. प्रत्येक वाडीचा एक कागद, छापलेला, फोनमधला नव्हे. त्यावर प्रत्येक घरापुढे लिहायचं : माणसं किती, सत्तरीपुढचे कोण, तान्हं बाळ आहे का, फ्रिजमधली किंवा विजेवर चालणारी औषधं-यंत्रं कोणती, काडीने पेटणारी चूल आहे का, लाकडाची फायरप्लेस आहे का, गॅरेजचं दार हाताने उघडणारा तरुण कोण. (ते दार लाल दोरी ओढून सोडवावं लागतं आणि जड असतं. म्हाताऱ्या जोडप्याची गाडी तिथेच अडकून पडते.) चुलीचं घर सगळ्यांचा चहा आणि खिचडी करेल. फायरप्लेसचं घर म्हाताऱ्यांना झोपायला घेईल. चार ठोक्यांपैकी एखाद्या घराचा मेसेज दोनदा आला नाही तर शेजारच्या घराने चालत जाऊन दार वाजवायचं. कुणी, तेही आधीच लिहिलेलं असावं.

वाडी आखताना एक गोष्ट हमखास निसटते. २०२१ साली सुमारे ४५ लाख घरं अंधारात गेली, पण अनेक ठिकाणी रस्त्याच्या एका बाजूला दिवे आणि दुसऱ्या बाजूला काळोख होता. ग्रिड कोसळू नये म्हणून इतकी वीज तोडावी लागली की आळीपाळीने द्यायला काही उरलंच नाही, आणि इस्पितळं, अग्निशमन केंद्रं ज्या फीडरवर (एकेका भागाला वीज नेणाऱ्या मुख्य तारेवर) होती ते फीडर मात्र सहसा चालू ठेवले गेले. म्हणून तुमच्या वाडीत वेगळ्या फीडरवरचं निदान एक घर असू द्या. मागच्या वीजकपातीत कुणाकडे दिवे होते एवढं विचारलं तरी अंदाज येतो. खात्री मिळत नाही, कारण बर्फाने झाडं तारांवर पडली की फीडर कुठलाही असो. २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्टिनमध्ये दीड लाखाहून जास्त ग्राहकांची वीज तशीच गेली होती.

मंदिर किंवा मंडळाचा हॉल उघडायचा विचार असेल तर विश्वस्तांशी दिवाळीच्या सुमारास बोला, वादळाच्या आदल्या रात्री नाही. विचारायचं एवढंच : जनरेटर आहे का आणि तो हीटिंग चालवतो की नुसते दिवे, रात्री माणसं झोपायला शहराची परवानगी लागते का, दार इलेक्ट्रॉनिक कुलपाचं असेल तर खरी किल्ली कुणाकडे. स्वयंपाकघराबद्दल मुद्दाम विचारा. अशा अनेक मोठ्या स्वयंपाकघरांत धूर ओढणारा पंखा बंद पडला की गॅसही आपोआप बंद होतो, आणि महाप्रसादाच्या भरवशावर शंभर माणसं जमतात. हे जमत नसेल तर जवळच्या चर्चने किंवा शहराने उघडलेल्या निवाऱ्यात जायला संकोच नको. ह्यूस्टनच्या जिम मॅकिंगवेल यांनी २०२१ मध्ये आपली फर्निचरची दुकानं थंडीने गारठलेल्या लोकांना उघडून दिली, लोक तिथल्या सोफ्यांवर झोपले. सासूबाईंना अनोळखी जागा नकोशी वाटेल, त्यांच्या पिशवीत देवाचा टाक आणि जपमाळ असेल तर ती जागा लवकर आपली होते.

आणि वाडीच्या कागदावर शेजारचं एकटं राहणारं अमेरिकन आजी-आजोबांचं घरही घ्या. मराठी नाही म्हणून ते सुटता कामा नये. टेक्सासच्या आरोग्य खात्याने त्या वादळाशी निगडित २४६ मृत्यू मोजले, त्यातले बहुतेक थंडीने गारठून झाले. दार वाजवणारं कुणी असणं यावर अशा वेळी जीव अवलंबून असतो.

घरात ऑक्सिजनचं किंवा तसं यंत्र असलेली मंडळी असतील तर दोन नोंदी करायच्या : वीज कंपनीकडे डॉक्टरांच्या सहीचा गंभीर रुग्णाचा फॉर्म, आणि २-१-१ वर फोन करून राज्याच्या आपत्कालीन मदत यादीत नाव, जे दरवर्षी नव्याने द्यावं लागतं. दोन्हींनी वीज राहील अशी हमी मिळत नाही, म्हणून सिलिंडर वेगळा हवाच, आणि ऑक्सिजनच्या खोलीत समई-निरांजन अजिबात नाही.

वीज परत येते तेव्हा घाई करू नका. मोठी उपकरणं आधी बंद करून ठेवलेली असावीत, एक दिवा तेवढा चालू. वीज टिकली की एकेक ब्रेकर वर करा. पाणी बंद केलं असेल तर विजेवरच्या वॉटर हीटरची टाकी भरल्याशिवाय तो लावू नका, कोरडा तापून त्याची कॉइल जळते.

हे सगळं कागदावर राहू नये म्हणून एक करा. सासूबाई-अण्णा आले की पहिल्या-दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच ते आठ मुख्य ब्रेकर खाली करा आणि त्याच खोलीत बसा. टाक आणण्यापासून आरती, दडपे पोहे, फोनचा मेसेज, अण्णांची साखर तपासणं, सगळं खरंखुरं करा. काय सापडत नाही, कुठली टॉर्च लागत नाही, चूल काडीने पेटते की नाही, हे तीन तासांत कळतं. वाडीतल्या बाकीच्या घरांनाही तोच शनिवार द्या, आठ वाजता सगळ्यांनी चालत चुलीच्या घरी यायचं आणि राहिलेल्या गोष्टी त्या छापील कागदावर पेनने लिहायच्या. आरतीची वेळ काय ठेवायची, ते सासूबाईंनाच ठरवू द्या.